टिंब

संगमरवराच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या भुवया
वर करून योमतोव कारागीर विचारतो,
"टिंब द्यायचं का?"

कराताशच्या पायऱ्या उतरून मी आलेय,
इम्बात वाऱ्यात डोक्यावरचा रुमाल एका हातानं धरून,
दुसऱ्या हातात चिठ्ठी.
चिठ्ठीवर चार अक्षरं, उजवीकडून डावीकडे:
शिन, आलेफ, वाव, लामेद.
शाऊल.
माझा भाऊ.

सात वर्षं आईची कूस उजवली नव्हती.
दर शुक्रवारी दिव्यात तेल घालताना ती मागायची,
मोठ्यानं, भीडभाड न ठेवता,
दुकानदाराकडे राहिलेले सुटे पैसे मागावेत तशी.
मग तो झाला.
तिनं नाव ठेवलं, मागितलेला.
(मी त्याच्यानंतर दोन वर्षांनी, न मागता.
माझ्या नावाचा अर्थ कुणी सांगितला नाही,
मीही विचारला नाही.)

वरच्या मजल्यावर मर्कादा.
तिच्या नावाचा अर्थ विकत घेतलेली.
तान्हेपणी तापानं फणफणली, तेव्हा
आईनं तिला तीन नाण्यांना शेजारणीला विकलं,
मृत्यू दाराशी आलाच तर त्याचा पत्ता चुकावा म्हणून.
चुकला खरा. ऐंशी उलटली तिची.
ती जिन्यातून ओरडायची,
"बुलिसा, मी रोखीचा माल!
तुझा पोरगा मात्र उसना!"

थट्टाच, पण खोटी नव्हती.
त्या जुन्या भाषेत मागणं आणि उसनं घेणं
एकाच धातूच्या पोटी जन्मतात.
जिन्यावरून वाटी जायची यायची, तसं.
साखर मागून आणली
म्हणजे ती आपली झाली, आणि झाली नाही.
शिवाय वाटी रिकामी परत करायची नाही.
आई तिच्यात एक बोयोझ ठेवायची,
गरम असला तर फडक्यात गुंडाळून.

शाऊल अंजिरांच्या वखारीत खोकी मोजायचा.
मागण्याचंच नाव लावून फिरणारा हा माणूस
कुणाकडे काही मागायचा नाही.
दिलेलंसुद्धा परत मागायला लाजायचा.
तो गेल्यावर सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो,
आणि सातही दिवस माणसं दारात येत राहिली
त्याच्या वस्तू घेऊन.
तीन छत्र्या. सायकलचा पंप.
एक शिडी, जी आम्ही चोरीला गेली असं समजत होतो.
एका पोरानं मुठीतून चुरगळलेली नोट काढली
आणि ती कुणाच्या हातात द्यायची
हे न कळून तसाच उभा राहिला.

योमतोव छिन्नीचं टोक हवेत नाचवतो:
"वाव बघ, नुसती उभी काठी.
तिच्या पोटात टिंब दिलं, तर तुझा भाऊ.
तेच डोक्यावर दिलं, तर शेओल.
खालचा मुलूख. अक्षरं तीच.
तिथं कुणी कुणाकडे काही मागत नाही."
"आणि दिलंच नाही तर?"
"तर वाचणाऱ्याची मर्जी.
दगडावर सहसा देत नाहीत.
चाळीस वर्षांत कुणाचा घोळ झालेला नाही."
"झालाय की नाही, हे तुला सांगायला कोण येणार?"
मी म्हणते.

तो हसत नाही.
दगडावर फुंकर मारतो,
सगळ्यात बारीक छिन्नी निवडतो,
एकदाच ठोकतो.
तांदळाच्या कणीएवढा खड्डा,
वावच्या पोटात.
चिठ्ठीतल्या हिशेबात तो धरलेला नाही.
मी पैसे पुढे करते.
तो नळाखाली हात धूत राहतो.

महिन्यानं आईला टेकडीवर नेलं.
तिला प्रार्थना सगळ्या पाठ, पण वाचता येत नाही.
ती बोटानं अक्षरं चाचपत जाते,
शिनचे तीन दात,
आलेफचा तिरका खांदा.
मग बोट थांबतं.

"इथं टवका उडालाय," ती म्हणते.
"त्या कारागिराला सांग, भरून दे म्हणावं."

सांगते, मी म्हणते.
तिचं बोट तिथून निघत नाही.